कागद आपले, कुलूप कंपनीचं

धानोरा आणि आसपासच्या गावांतल्या भावांनो, बहिणींनो,

२००९च्या उन्हाळ्यात माझ्या टायपिंगच्या दुकानात सातपुड्यातल्या एका पाड्यावरचे बाबा येऊन बसले. वय ऐंशीच्या पुढचं. शेजारच्या कुटुंबाच्या वनहक्क दाव्यासाठी ते जबाब द्यायला आले होते. कोणत्या नाल्यापासून कोणत्या महूपर्यंत ते शेत होतं, पहिली झोपडी कुणी बांधली, हे ते भिलोरीत सांगत होते. नातू मराठी करत होता आणि मी टाइप करत होतो. वनहक्क कायद्याच्या २००८च्या नियमांनुसार दावेदार सोडून इतर ज्येष्ठ माणसांचं लिहून घेतलेलं म्हणणं पुरावा म्हणून चालतं. त्या उन्हाळ्यात असे एकतीस जबाब मी टाइप केले.

पुढे तो दावा फेटाळला गेला. अपील करायची वेळ आली तेव्हा बाबा हयात नव्हते आणि कुटुंबाकडची छापील प्रत पावसात भिजून गेली होती. मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असेल ना?" फाइल होती. मी ती उघडली, तर पडद्यावर मराठीचं एकही अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, टक्क्याची चिन्हं यांचा नुसता चिखल होता.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी ते टाइप केलं, त्याच्यासोबत एक डोंगल मिळायचं. ते कॉम्प्युटरला लावल्याशिवाय प्रोग्राम उघडत नसे. माझं डोंगल बिघडलं होतं. कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं की ती आवृत्ती बंद झाली, नवी पूर्ण किमतीला घ्या. मी पहिल्यांदा पैसे पावतीनिशी भरले होते. जबाब बाबांचा, जमीन त्या कुटुंबाची, टायपिंग माझं. तरी तो कागद वाचायची परवानगी चौथ्याच कुणाच्या हातात होती. हे पत्रक त्या दिवसामुळे लिहिलं आहे.

असं का झालं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्याही कपाटातल्या सीडीत आणि पेन ड्राइव्हमध्ये हेच पडून आहे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये कॉम्प्युटरला मराठी ठाऊकच नसायचं. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं आणि कोणत्या जागी कोणतं चित्र हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. फॉन्ट गेला की चित्र गेलं आणि मागे इंग्रजी उरलं. युनिकोडने हा घोळ मिटवला. त्यात 'क'ला जगभर एकच क्रमांक आहे, फॉन्ट कोणताही असो. केंद्र सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण ठरवलं. तरीही आपल्या जिल्ह्यात लग्नपत्रिका आणि संस्थांचे अहवाल आजही जुन्या फॉन्टमध्ये आणि २००१ नंतर ज्याची नवी मोठी आवृत्तीच निघाली नाही त्या पेजमेकरमध्ये जुळवले जातात. ऑपरेटरचा दोष नाही. त्याला तेवढंच शिकवलं गेलं.

ते जबाब शेवटी वाचता आले. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा एक प्रोग्राम कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. त्या माणसाला मी कधी भेटलो नाही. त्याने पैसे मागितले नाहीत, डोंगल मागितलं नाही. त्याची आज्ञावली उघडी होती म्हणून माझ्या फॉन्टची चार चुकीची अक्षरं मला त्यात दुरुस्त करता आली. अकरा रात्री लागल्या. रफार आणि जोडाक्षरं हाताने सुधारावी लागली. पण बाबांचं म्हणणं परत मिळालं.

हा फरक आहे. एक सॉफ्टवेअर पैसे घेऊनही दार लावून बसतं, दुसरं उघडं असतं आणि सुधारू देतं. दुसऱ्याला ओपन सोर्स म्हणतात, मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. मुक्त म्हणजे फुकट असा अर्थ कृपया घेऊ नका. हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला सोपं आहे. भारताच्या २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखून ठेवायचा, पुन्हा पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा आणि कंपनीचं लेबल न लावता विकायचाही हक्क दिला आहे. मुक्त सॉफ्टवेअरचे हक्क तसेच आहेत: हवं त्या कामाला वापरा, आत काय आहे ते पाहा आणि बदला, दुसऱ्याला द्या, सुधारलेलंही द्या. बंदिस्त सॉफ्टवेअरचा परवाना हे सगळं नाकारतो. घरचं मिरचीचं बी शेजाऱ्याला दिलं तर तो आपल्याकडे शेजारधर्म. तेच प्रोग्रामच्या बाबतीत केलं की कागदोपत्री गुन्हा. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला तो याच नकाराविरुद्ध. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतलं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तेच लिनक्स आहे. लिनक्स अवघड असतं असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की ते रोज वापरतच आहेत.

आता भाड्याची नवी रीत पाहा. अॅडोबीने २०१३ पासून आपल्या मुख्य प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकणं थांबवलं. आता दरमहा किंवा दरसाल पैसे भरायचे आणि हप्ता थांबला की प्रोग्राम थांबला. खानदेशात साल धरणं म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही. १९७०च्या दशकात शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना सालदार-मजुरांच्या बाजूने उभे राहिले, ती आठवण अजून ताजी आहे. सालदाराने सोसलेल्या हालांशी मी सॉफ्टवेअरच्या हप्त्याची बरोबरी करत नाही, तसं करणं त्यांचा अपमान ठरेल. पण व्यवहाराचा सांगाडा ओळखीचा आहे: वर्ष संपलं की पुन्हा उभं राहायचं आणि अटी समोरच्याने सांगायच्या.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार बंद केला. घरगुती ग्राहकाला एका वर्षाची वाढीव सुरक्षा मिळाली, तीही कंपनीच्या खात्याला बांधून घेऊन किंवा पैसे मोजून. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे शाळेला देणगीत मिळालेला, रोज नीट चालणारा कॉम्प्युटर एका तारखेने म्हातारा ठरला. त्याच मशीनवर लिनक्स मिंट किंवा डेबियनसारखं लिनक्स टाकलं तर ते आणखी कित्येक वर्षं चालेल. मी स्वतः अशी मशीनं चालती केली आहेत.

कुणी म्हणेल, आपण कुठे पैसे देतो, सगळं क्रॅक केलेलंच असतं. मला याचंच सर्वात जास्त वाईट वाटतं. क्रॅकसोबत काय आत आलं ते कुणी सांगू शकत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीच्या व्हायरसने जगभर सुरक्षा-दुरुस्ती न टाकलेल्या विंडोज मशीनमधल्या फाइली कुलूपबंद केल्या, आणि चोरीच्या प्रतींना अशा दुरुस्त्या धड मिळत नाहीत. शिवाय आपल्या पोराने कॉम्प्युटरपुढे बसल्यावर पहिली गोष्ट शिकायची ती चोरी, हे मला मान्य नाही. वह्या-पुस्तकं आपण चोरून आणत नाही.

मोठ्यांचीही सुटका नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या कंपनीच्या ई-मेल आणि इतर सेवा थांबवल्या. गुजरातच्या वाडीनारला या कंपनीची रिफायनरी आहे. तिचा पैसा भरलेला होता आणि भारताच्या कोणत्याही न्यायालयाचा तसा आदेश नव्हता. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाल्या. एवढ्या कंपनीला न्यायालयाची पायरी चढावी लागते, तिथे धानोऱ्याचा बचत गट कुणाकडे जाणार? यावर आता स्वदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर घ्या असा सल्ला दिला जातो. देशी कंपनी वाढली तर मला आनंदच आहे. पण तिची आज्ञावली बंद असेल तर आपण फक्त मालक बदलला.

उघड्या वाटेने गेलेले लोक आपल्याच देशात आहेत. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतात. तिथल्या शिक्षकांनी ते आपल्या भाषेत करून घेतलं. आपल्या न्यायालयांच्या ई-कोर्ट प्रकल्पाचं खटल्यांचं सॉफ्टवेअर मुक्त सॉफ्टवेअरच्या पायावर उभं आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये विंडोजच्या जागी उबंटू या लिनक्सवर आधारलेली माया ही प्रणाली आणायला घेतली. आणि मराठी माणसांचा यात मोठा वाटा आहे. मुंबईच्या इंडिकट्रान्सच्या मंडळींनी 'गार्गी' हा मुक्त देवनागरी फॉन्ट केला. मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेने 'मुक्ता' हा फॉन्ट खुला केला. दृष्टिहीन असलेल्या कृष्णकांत माने यांनी ग्नूखाता हे हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर उभं केलं. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आहेत. एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही चालतात.

अडचणी लपवणार नाही. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. काही सरकारी पोर्टलं, डिजिटल सहीचं टोकन आणि अंगठ्याची काही मशीनं विंडोजच मागतात. ते एक मशीन तसंच राहू द्या. पण अर्ज, ठराव, हिशेबाचे तक्ते, शाळेचे निकाल, पोरांचं शिकणं यातल्या कशालाच विंडोज लागत नाही. या कामांसाठीचं लिबरऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोजवरही चालतं, सुरुवात तिथूनच करा.

आणखी एक गोष्ट. आपल्या जिल्ह्यात भिलोरी, पावरी, मावची, अहिराणी बोलली जाते. एखाद्या मोठ्या कंपनीने आपल्या प्रोग्रामचे मेनू पावरीत करावेत, इतका धंदा तिला इथे दिसणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कुणाच्या धंद्याची वाट पाहावी लागत नाही. धडगावच्या दोन शिक्षिका बसल्या तर त्या ते करू शकतात, आणि त्यांना कुणी अडवू शकत नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे, तुम्ही हात वर करायला या. ग्रामपंचायतीने यापुढे प्रोसिडिंग, नमुना ८ आणि आपल्या हातातले इतर सगळे दस्त युनिकोड मराठीत आणि कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडतील अशा खुल्या प्रकारात जपावेत. जुन्या फॉन्टमधल्या फाइली सहा महिन्यांत बदलून घ्याव्यात. सॉफ्टवेअरवर गावाचा पैसा खर्च करण्याआधी त्याच कामाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे का ते तपासून प्रोसिडिंगमध्ये लिहावं. आणि शाळेच्या ज्या कॉम्प्युटरना विंडोज ११ चालत नाही, ते भंगारात न काढता लिनक्सवर चालवावेत. बदलून द्यायचं काम मी विनामोबदला करीन.

ज्यांच्याकडे वनहक्काचे, वाटणीचे, बचत गटाचे कागद जुन्या फॉन्टमध्ये अडकले आहेत, त्यांनी सीडी किंवा पेन ड्राइव्ह घेऊन रविवारी सकाळी दुकानावर यावं. वनहक्काच्या फाइली आधी घेईन, कारण अपिलाला मुदत असते.

हे पत्रक लिबरऑफिसमध्ये, मुक्ता फॉन्टमध्ये जुळवलं आहे. त्याची फाइल मागेल त्याला मिळेल. धानोऱ्याच्या जागी आपल्या गावाचं नाव घाला, चुकलं असेल तिथे सुधारा आणि छापा.

आपला,
धानोऱ्यातला एक टायपिंगवाला