दोन बाजीराव, एक चौकट

आमच्या सातवीतल्या नातीला इतिहासात २० पैकी ६ गुण पडले. पेशवाईच्या प्रश्नात तिने थोरल्या बाजीरावांना १८१८ साली इंग्रजांच्या स्वाधीन केले होते! तिच्या आईने कपाळाला हात लावला. मी मात्र, सांगायला लाज वाटते, "मठ्ठ आहेस," असे बोलून गेलो. पोर त्या रात्री जेवली नाही.

प्रायश्चित्त म्हणून मी दुसऱ्या दिवशी पेशव्यांची वंशावळ काढली. रंगीत शाई, सुबक चौकटी, खाली सनावळी. सौ.नेसुद्धा कौतुक केले (हे क्वचितच घडते). नातीने ती भिंतीवर टांगली. चार दिवसांनी विचारले, तर सवाई माधवराव पानिपतच्या आधीच गादीवर!

आमचे एक शिक्षक स्नेही हसले. म्हणाले, "अहो, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली संकल्पना-नकाशे काढायला सुरुवात केली, ती मुलांच्या डोक्यात काय चालले आहे ते समजून घेण्यासाठी. तुम्ही तुमचे डोके कागदावर काढलेत. तिला काढू द्या."

मग जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू तिच्यापुढे टाकली. पहिल्याच खेपेला रोग सापडला. दोन्ही बाजीरावांना तिने एकच चौकट दिली होती! उत्तरपत्रिकेत हे मला दिसले नव्हते. रबर चालला. बाळाजी विश्वनाथांखाली बाजीराव आणि चिमाजीअप्पा. बाजीरावांखाली नानासाहेब आणि रघुनाथराव. रघुनाथरावांखाली दुसरे बाजीराव.

"अय्या, म्हणजे नातवाला आजोबांचं नाव!"

थोड्या वेळाने, "आजोबा, १७७३ साली नारायणरावांचा खून झाला, तेव्हा राघोबादादा त्यांचे सख्खे काका होते?"

"सख्खे."

मग लाल पेन्सिलीने ती मृत्यूच्या फुल्या मारू लागली. १७६१ : जानेवारीत पानिपतावर विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, जूनमध्ये नानासाहेब. एका वर्षात तीन फुल्या. पेन्सिल थांबली.

"मग सगळं सांभाळलं कोणी?"

मी माधवरावांच्या चौकटीवर बोट ठेवले. तेव्हा वय १६.

"आपल्या दादाएवढे?" ती बराच वेळ त्या चौकटीकडे पाहत राहिली.

संध्याकाळी माझी रंगीत वंशावळ खाली उतरली आणि त्याच खिळ्यावर तिचा खाडाखोडीचा कागद चढला. मी काही बोललो नाही. 'मठ्ठ' हा शब्दही अजून तोंडाने परत घेतलेला नाही.