कानात तेल घालून

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. 'कानात तेल घालून बसणे' हा वाक्प्रचार समजावताना वर्गात दरवर्षी हशा पिकतो. यंदा मला हसू आले नाही. कारण यंदा मी खरोखरच एका मुक्या जिवाच्या कानात तेल घातले होते.

आमच्या धाकटीने ईदीचे पैसे साठवून सशांची जोडी आणली. काही महिन्यांनी त्यातला एक सारखी मान झटकू लागला, मागच्या पायाने कान खाजवू लागला. पाहिले तर कानात तपकिरी खपल्यांचे थरावर थर. मोमिनपुऱ्यातल्या आमच्या शेजारच्या खाला म्हणाल्या, "मळ आहे गं, कोमट तेल घाल आणि काढून टाक." मी तेच केले. दोन दिवसांनी खपली ओढली आणि ससा किंचाळला. ससा किंचाळतो हे मला तोवर ठाऊकच नव्हते. खपलीखाली रक्त होते. मुलगी एवढेच म्हणाली, "अम्मी, डॉक्टरला का नाही विचारलंस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्या सेमिनरी हिल्सवर १९५८ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नागपुरातच आहे. मुलाला ताप आला तर मी शेजारणीच्या सल्ल्यावर थांबले नसते. सशाच्या बाबतीत थांबले, कारण मनातून तो मला खेळणेच वाटत होता.

तो मळ नव्हता. सोरॉप्टिस नावाच्या, एक मिलिमीटरहूनही लहान किडीचा तो प्रादुर्भाव होता. ही कीड कानाची त्वचा टोचते. त्यातून पाझरणारा द्रव, मेलेली त्वचा आणि किडीची घाण सुकून खपली होते. खाली त्वचा सोललेली असते, म्हणून खपली ओढायची नसते. औषध लागू पडले की ती आपोआप गळते. तेलाने खपली मऊ होते, पण अंगावर इतरत्र असलेली कीड तशीच राहते. दुर्लक्ष केले तर जंतुसंसर्ग कानाच्या आत उतरतो आणि सशाचा तोल जाऊ शकतो.

यावर सहसा आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात. कोरोनाच्या काळात घरोघरी पोचलेले हेच नाव. हे औषध किडीच्या अंड्यांवर चालत नाही, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागते. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला तीनेक आठवडे लागतात, त्यामुळे खाज थांबली म्हणून उपचार सोडले तर सगळे पुन्हा सुरू होते. जोडीतला दुसरा ससा ठणठणीत दिसला तरी त्यालाही औषध हवे, आणि पिंजरा, अंथरलेले गवतही साफ व्हायला हवे.

"मग दुकानातून औषध आणून घरीच देऊ" असे कुणाला वाटेल, तर थांबा. गुराढोरांसाठी मिळणाऱ्या एक टक्का इंजेक्शनमधून दोन किलोच्या सशाला लागणारी मात्रा थेंब-दीड थेंबाएवढी असते. हात जरा चुकला की मात्रा कितीतरी पटींनी वाढते. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवरचे फिप्रोनिल सशाला घातक ठरते. घरात उरलेले मुलांचे अमॉक्सिसिलिन पाजले तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून जिवावर बेतू शकते. उलट एक भीती निराधार आहे: ही कीड माणसाच्या अंगावर घर करत नाही. तेव्हा घाबरून सशाला रस्त्यावर सोडू नका.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एका उंटाची हकीकत आहे. प्रेषितांना (स.) पाहून तो कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. त्यांनी त्याच्या कानामागून हात फिरवला, तो शांत झाला. मग त्यांनी आधी विचारले ते हे, की याचा मालक कोण? उपाशी ठेवून राबवल्याचा जाब त्यांनी मालकाला विचारला. ही हकीकत मी मुलांना कितीदा सांगितली आहे. पण त्या प्रश्नाला 'मी' असे उत्तर द्यायची वेळ माझ्यावर येईल असे कधी वाटले नव्हते.

आपण दयेबद्दल पुष्कळ बोलतो. मी तेल घातले तेही दयेनेच. पण माहिती नसलेली दया त्या जिवाला दुखवूनच गेली. उर्दूत आपण जनावराला बेजुबान म्हणतो, मराठीत मुके. माझा ससा मात्र कित्येक दिवस मान झटकून सांगत होता. ऐकत नव्हते ती मी.

म्हणून विनंती एवढीच. मुलांनी ईदीतून ससा मागितला तर जरूर आणा, पण पिंजऱ्याआधी पशुवैद्याचा पत्ता शोधा, आणि आठवड्यातून एकदा उजेडात त्याचे कान पाहा. उन्हाळ्यात दवाखान्यात न्यायचे तर सकाळीच न्या, नागपूरचे ऊन सशाला सोसत नाही. आमच्या दोघांचे दुसरे इंजेक्शन या शनिवारी आहे. तारीख मुलीने स्वतः कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. माझ्यावर तिचा अजून पुरता भरवसा बसलेला नाही, आणि ते बरोबरच आहे.