फादर स्टीफन्सचा कालनिर्णय

संपादक महाशयांस,

गतांकातील पत्रलेखकांनी १६४० हा छपाईचा सन प्रमाण मानून फादर स्टीफन्सचे कोकणी व्याकरण ‘क्रिस्तपुराणा’नंतरचे ठरविले आहे. परंतु ज्या ग्रंथकाराचे १६१९ सालीच गोव्यात देहावसान झाले, त्याचा ग्रंथ एकवीस वर्षांनी, दियोगु रिबेरु आदी पाद्र्यांनी भर घालून, रायतूर येथे छापविला असता, मुखपृष्ठावरील सन हा छापखान्याचा दाखला होय, रचनेचा नव्हे. १६२२ ची प्रश्नोत्तररूप ‘दौत्रिना’ही मरणोत्तरच. पुराणाची गोष्ट निराळी. १६१६ ची आवृत्ती हयातीत निघाल्याने तेथे उत्तरमर्यादा तरी पक्की आहे. मात्र तिची एकही प्रत उपलब्ध नसता, १९०७ साली मंगळुरास साल्ढाणांनी हस्तलिखितांवरून छापलेल्या पाठाच्या भाषेवरून काळ काढणे धाडसाचे आहे.

आपला,
एक वर्गणीदार, कासू