निरोधावरील रासायनिक लेप : लाभ कोणाचा, अपाय कोणाला?

भिलाई हे परीक्षेवर जगणारे नगर आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि पुढे भारतीय रेल्वेला रूळ पुरविणारे नगर अशी त्याची ख्याती झाली. रुळाच्या पोलादाचे रासायनिक पृथक्करण होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा श्राव्यातीत ध्वनिलहरींनी शोधल्या जातात. ‘अधिक मजबूत’ असे शब्द रुळावर कोरल्याने त्यावरून गाडी सोडता येत नाही. मजबुती सिद्ध करावी लागते. याच नगरातील औषधांच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या निरोधाच्या पाकिटालाही हाच न्याय का लावू नये, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

१९६८ मध्ये शासनाने ‘निरोध’ या नावाने स्वस्त रबरी साधन देशभर विक्रीस आणले, आणि ते नाव लवकरच त्या साधनाचे सामान्यनाम बनले. निरोधाचे कार्य अगदी साधे आहे. रबराचे पातळ आवरण शुक्रजंतू आणि रोगजंतू या दोहोंना अडविते. परंतु काही निर्मात्यांना एवढ्याने समाधान वाटले नाही. रबर फाटले तरी गर्भधारणा टळावी, या कल्पनेने त्यांनी आवरणावर शुक्रजंतुनाशक द्रव्याचा लेप देण्यास प्रारंभ केला. या कामी जगभर सर्वाधिक वापरले गेलेले द्रव्य म्हणजे नोनॉक्सिनॉल-९ होय. ‘दुहेरी संरक्षण’ ही कल्पना ग्राहकाला साहजिकच पटली. जेथे एक कुलूप आहे तेथे दुसरे लावले तर बिघडले कोठे, असे कोणासही वाटेल.

बिघडते कोठे, हे समजण्यासाठी या द्रव्याचा गुणधर्म ध्यानात घेतला पाहिजे. नोनॉक्सिनॉल-९ हे कपडे धुण्याच्या कृत्रिम पावडरीत असणाऱ्या मलनिवारक द्रव्यांच्या कुळातील आहे. ज्याप्रमाणे साबण तेलाचा थर विस्कटतो, त्याप्रमाणे हे द्रव्य शुक्रजंतूच्या पेशीभोवतीचे स्निग्ध पटल फोडते व त्याला निष्क्रिय करते. तथापि शुक्रजंतूचे पटल कोणते आणि स्त्रीच्या योनिमार्गातील नाजूक श्लेष्मल त्वचेच्या पेशींचे पटल कोणते, हा विवेक त्या द्रव्यापाशी नाही. दोन्हींवर ते सारखाच आघात करते. वारंवार वापर झाला म्हणजे त्वचेचा दाह होतो, सूक्ष्म क्षते पडतात, आणि रोगजंतूंना शरीरात शिरण्यास वाट मिळते.

प्रयोगशाळेत हे द्रव्य एड्सच्या विषाणूचाही नाश करते असे आढळले होते. त्यामुळे ते स्त्रियांना संरक्षण देईल अशी मोठी आशा निर्माण झाली. तिची कसोटी बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड या चार देशांतील ८९२ देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या सहभागाने झाली. काहींना नोनॉक्सिनॉल-९ युक्त लेप दिला, काहींना त्या द्रव्याविना केलेला लेप दिला. निरोध वापरण्याचा सल्ला मात्र सर्वांनाच दिला होता. २००० साली डर्बन येथील परिषदेत प्रथम जाहीर झालेले व २००२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सर्वांनाच धक्का देणारे होते. मुख्य विश्लेषणात धरलेल्या स्त्रियांपैकी द्रव्य वापरणाऱ्या ३७६ जणींत ५९ जणींना, तर द्रव्यरहित लेप वापरणाऱ्या ३८९ जणींत ४५ जणींना विषाणूची बाधा झाली. ज्या द्रव्याने रक्षण व्हावयाचे, त्याचा वापर करणाऱ्यांतच बाधा अधिक झाली, आणि वापर जितका वारंवार तितका धोका मोठा होता.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. वरील प्रयोग योनिमार्गात लावावयाच्या लेपाचा होता. निरोधावर या द्रव्याचे प्रमाण त्याहून कमी असते. केवळ लेपयुक्त निरोधामुळे एड्सची बाधा वाढते असे त्या प्रयोगाने सिद्ध झालेले नाही. हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रश्नाचे उत्तर एवढ्याने मिळत नाही. धोका अल्प असला तरी तो पत्करण्यास काही लाभ हवा. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २००१ मध्ये जिनिव्हा येथे तज्ज्ञांची सभा घेऊन या प्रश्नाचा विचार केला. साध्या वंगणाच्या निरोधापेक्षा लेपयुक्त निरोध गर्भधारणा अधिक टाळतो, असा कोणताही पुरावा सभेस आढळला नाही. म्हणून अशा निरोधांचा पुरस्कार यापुढे करू नये असे तिने सुचविले. ज्याचा लाभ सिद्ध नाही आणि अपाय मात्र संभवतो, त्याची किंमत ग्राहकाने का मोजावी?

दुसरा अपाय अधिक घरगुती आहे, म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो. निरोगी योनिमार्गात दुधाचे दही करणाऱ्या जंतूंच्या जातीचे उपकारक जंतू वास करतात व रोगजंतूंना थारा देत नाहीत. नोनॉक्सिनॉल-९ या उपकारक जंतूंना मारते. आतड्यातून येणारा ई. कोलाय हा जंतू मात्र त्याला दाद देत नाही. परिणामी तो बळावतो आणि मूत्रमार्गात शिरतो. अमेरिकेतील सिअ‍ॅटल परिसरातील तरुण स्त्रियांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शुक्रजंतुनाशक लेपाचे निरोध आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांचा स्पष्ट संबंध दिसून आला. लघवीस जळजळ होते म्हणून एखादी स्त्री पुनःपुन्हा प्रतिजैविके घेत राहते. परंतु पतीने दुकानातून आणलेल्या पाकिटाकडे तिचा किंवा वैद्याचा संशय क्वचितच वळतो. खरेदी एकाने करावी आणि दुखणे दुसऱ्याने सोसावे, असा हा व्यवहार आहे.

या ठिकाणी कोणी म्हणेल की निरोधांची तर कसून परीक्षा होते. होते, यात शंका नाही. नमुन्यांत पाणी भरून गळती पाहिली जाते, हवा भरून ते किती ताणानंतर फुटतात हे मोजले जाते. परंतु ही परीक्षा रबराची आहे. पाकिटावरील ‘दुहेरी संरक्षण’ या शब्दांची नव्हे. शिवाय रासायनिक लेप असलेल्या निरोधाची टिकण्याची मुदत साध्या निरोधापेक्षा कमी असते. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात, जेथे पारा ४० अंशांच्या वर सहज चढतो, तेथे मालमोटारीच्या केबिनमध्ये किंवा खिशात ठेवलेले कोणतेही रबर लवकर कमजोर होते. तेव्हा ज्याची मुदतच अपुरी आहे, ते साधन येथील ग्राहकाने निवडण्यास काही कारण उरत नाही.

अनावश्यक मिश्रण नाकारण्याचा धडा भिलाईला दूरदेशाहून आणावयास नको. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणकामगारांनी ३ जून १९८३ रोजी स्वतःचे ‘शहीद रुग्णालय’ सुरू केले. औषध गरजेपुरतेच द्यावे, निरर्थक मिश्रणे टाळावी आणि कारण रोग्याला समजावून सांगावे, हा तेथील डॉक्टरांचा आग्रह होता. निरोधावरील लेप हे अशाच निरर्थक मिश्रणाचे उदाहरण होय.

तथापि या विवेचनातून कोणी निरोधच टाकून देईल, तर त्याहून मोठा अनर्थ दुसरा नाही. साधा, सिलिकोनचे वंगण असलेला निरोध योग्य रीतीने वापरला असता गर्भधारणा व रोग या दोहोंपासून रक्षण करतो. जिनिव्हाच्या तज्ज्ञांनीही स्पष्ट केले होते की काहीच न वापरण्यापेक्षा लेपयुक्त निरोध वापरणे बरे. पुरुषाने निरोध सोडला की भार स्त्रीवर पडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. निरोधाचा आधार घेणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी होते. तो भार किती जड असू शकतो, हे छत्तीसगडने पाहिले आहे. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळच्या शिबिरात ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांपैकी १३ जणी दगावल्या. म्हणून पुरुषाच्या हाती असलेले सोपे साधन विश्वासार्ह राखणे ही लहान गोष्ट नव्हे.

मग करावे काय? पहिले, ‘शुक्रजंतुनाशक’ हा शब्द ज्या पाकिटावर असेल, त्यावर द्रव्याचे नाव, प्रमाण आणि इशारा ग्राहकाच्या भाषेत, वाचता येईल अशा अक्षरांत छापणे बंधनकारक असावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने योनिमार्गात वापरावयाच्या नोनॉक्सिनॉल-९ युक्त उत्पादनांवर असा इशारा देणे डिसेंबर २००७ मध्ये आवश्यक ठरविले. भिलाईच्या ग्राहकाला तो हिंदीत व छत्तीसगडीत, आणि महाराष्ट्रातील ग्राहकाला मराठीत मिळावा. दुसरे, सार्वजनिक पैशाने होणाऱ्या खरेदीत लेपरहित निरोधच घ्यावेत. तिसरे, मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होणाऱ्या स्त्रीला वैद्यांनी गर्भनिरोधाविषयी न संकोचता विचारावे. चौथे, अपाय झालाच तर तो निमूटपणे सोसू नये. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर करता येते. दिशाभूल करणाऱ्या दाव्याविषयी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नेता येते.

यांतील कोणतीही गोष्ट संकोच सुटल्याखेरीज घडणार नाही. दुकानात पाकीट कागदात गुंडाळून घाईने खिशात घालणारा ग्राहक त्यावरील मजकूर वाचणार केव्हा? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयाची उघड चर्चा केली. त्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरीही चढावी लागली. ज्या गोष्टीविषयी बोलता येत नाही, तिची परीक्षाही होत नाही. रुळावरील भेग शोधण्यासाठी जे नगर यंत्रे उभारते, त्याने पाकिटावरील दोन ओळी वाचण्यास लाजू नये.