दाव्यावर दुसरी सही कोणाची?

न्यायमूर्ती बेला त्रिवेदी यांना वकिलांनी निरोप दिला नाही. १६ मे २०२५ हा सर्वोच्च न्यायालयातला त्यांचा कामाचा शेवटचा दिवस. निवृत्त होणाऱ्या न्यायाधीशासाठी वकिलांची संघटना समारंभ ठेवते, चार गौरवाची भाषणे होतात, जुने किस्से निघतात. या वेळी समारंभच झाला नाही. दोन दिवसांपूर्वीच सरन्यायाधीशपदाची शपथ घेतलेले अमरावतीचे भूषण गवई यांनी भर न्यायालयात त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. संघटनेचे अध्यक्ष कपिल सिब्बल तेव्हा समोर हजर होते.

संघटनेच्या नाराजीचे मूळ त्रिवेदींच्या दोन आदेशांत आहे, असे त्या वेळच्या बातम्या सांगत होत्या. पहिला आदेश सप्टेंबर २०२४ मधला. एका माणसाच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि तो माणूसच म्हणाला, मी असे काही केलेले नाही, या वकिलांना मी ओळखतही नाही. वकीलपत्र कोणाचे, सही कोणाची याचा छडा लावायला त्रिवेदी आणि न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांनी सीबीआयला सांगितले. दुसरे प्रकरण एप्रिल २०२५ चे, तमिळनाडूतले. आरोपींची याचिका फेटाळून त्यांना शरण जायला सांगितले होते. शरण जाणे राहिले बाजूला, त्याच निकालाविरुद्ध दुसरी याचिका आली आणि तिच्यात खरी माहिती दडवलेली निघाली. त्रिवेदींनी याचिका दाखल करणाऱ्या वकिलाचे नाव नोंदवहीतून महिनाभरासाठी काढण्याचा आणि त्याच्या सहकाऱ्याला एक लाख रुपये भरायला लावण्याचा निर्णय दिला. शर्मांना ही शिक्षा जड वाटली. वकिलांनी बिनशर्त माफी मागितली आहे, एवढे पुरे, असे त्यांचे मत पडले. दोन न्यायाधीशांचे जमले नाही म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे गेले.

त्रिवेदी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून वकिली शिकल्या. त्याच बडोद्यापासून पूर्वेला विसेक किलोमीटरवर वाघोडिया आहे. औद्योगिक वसाहत, कारखाने, खासगी विद्यापीठे, त्यांच्याभोवती उगवलेल्या सोसायट्या. तालुक्यातल्या लिमडा गावी पारुल विद्यापीठात कायद्याचे महाविद्यालयही आहे. शेतजमीन बिगरशेती झाली की तिचा भाव वाढतो आणि भाव वाढला की भाऊबंदकी जागी होते, हे गुजरातला वेगळे आणि महाराष्ट्राला वेगळे नाही. माहिती दडवून लावलेल्या दाव्याला वकील किती जबाबदार, हा दिल्लीत गाजलेला प्रश्न अशा तालुक्यांत रोज, बिनबोभाट उभा राहतो.

तो कसा, हे कोर्टाच्या आवारात वावरणाऱ्याला सांगावे लागत नाही. बाप जमिनीचा दावा हरतो. अपिलातही हरतो. मग मुलगा वडिलोपार्जित हिश्श्याचा दावा लावतो. तो ढासळू लागला की सुनेच्या नावाने तिसरा, शक्य तर दुसऱ्या कोर्टात. दाव्याबरोबर निशाणी पाचचा अर्ज असतोच, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकमाचा. खरा जीव त्या अर्जात असतो. मनाई मिळाली की दावा वीस वर्षे चालला तरी वादीची काही हरकत नसते. समोरचा जिंकून दरखास्तीपर्यंत, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जापर्यंत, पोचला तरी ताबा घ्यायला बेलिफ गेल्यावर कोणी तरी नवाच माणूस ‘माझा हक्क आहे’ म्हणून आडवा येतो आणि त्या हरकतीची चौकशी पुन्हा पहिल्यापासून. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये देशभरातल्या तुंबलेल्या दरखास्तींचा हिशेब मागवला, तो ८ लाख ८२ हजारांच्या वर भरला. त्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा, सुमारे ३ लाख ४१ हजार. या सगळ्याच दरखास्ती लबाडीने अडलेल्या नाहीत. पण निकाल लागूनही हाती काही न आलेली एवढी माणसे आहेत.

कायद्यात याला बंदोबस्त नाही असे कोणी म्हणू नये. एकदा निकाली निघालेला वाद त्याच पक्षकारांना किंवा त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांना पुन्हा उकरता येत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ११. दाव्याला कारणच नसेल तर तो उंबऱ्यावरूनच परत करायला आदेश ७, नियम ११. महाराष्ट्राने तर १९७१ मध्ये त्रासदायक दाव्यांना आळा घालणारा स्वतंत्र कायदा केला. महाधिवक्त्यांनी अर्ज केला आणि उच्च न्यायालयाची खात्री पटली, तर सवयीने खोटे दावे लावणाऱ्याला परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही. महाधिवक्त्यांना गावच्या बांधाच्या भांडणात लक्ष घालायला सवड किती, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

दंडाचे तर हसूच येते. खोट्या दाव्याबद्दल समोरच्याला भरपाई म्हणून द्यायच्या खर्चाला कलम ३५-अ ने तीन हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. ही रक्कम १९७६ च्या दुरुस्तीतली. ती एक लाखापर्यंत न्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुचवले. २०१५ च्या कायद्याने व्यापारी वादांपुरती मर्यादा उठली. शेतकऱ्याच्या, भाडेकरूच्या, भावाभावांच्या दाव्याला ती तशीच आहे. कोट्यवधींची जमीन दहा वर्षे अडवण्याची किंमत तीन हजार असेल तर ती कोणीही आनंदाने मोजेल.

आणि मोजेल तो पक्षकार. वकिलाकडे कोणी बोटही दाखवत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. संहितेच्या आदेश ६, नियम १४ प्रमाणे दाव्यावर दोन सह्या लागतात, एक पक्षकाराची आणि वकील असेल तर दुसरी वकिलाची. पहिली सही खोटी ठरली तर निदान कारवाईची भाषा तरी होते. दुसरी सही नुसतीच शिक्क्यासारखी पडून राहते. वास्तविक तिसरा दावा लिहायला बसलेल्या वकिलाइतके मागच्या दोन दाव्यांबद्दल कोणालाच ठाऊक नसते. निकालाच्या नकला त्याच्याच टेबलावर असतात. त्यातले काय सांगायचे आणि काय गाळायचे हे बहुतेक वेळा तोच ठरवतो, कारण कलम ११ चुकवून मजकूर कसा बेतायचा हे पक्षकाराला कुठून कळणार?

न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हे १९७७ मध्येच हेरले होते. बंगळुरूच्या एका भाडेकरूविरुद्ध जागा खाली करण्याचा हुकूम झाला. तो उच्च न्यायालयापर्यंत हरला, जागा सोडायला मुदत घेतली आणि मग मुलाने ‘आधीचा हुकूम फसवणुकीने मिळवला’ म्हणत नवे दावे सुरू केले. अय्यर यांनी खालच्या कोर्टांना सांगितले की दावा डोळसपणे वाचा, पोकळ दिसला तर तिथेच संपवा, पहिल्याच तारखेला पक्षकाराला समोर घेऊन प्रश्न विचारा. त्यापुढे जाऊन, असे प्रकरण कोर्टापुढे मांडायला कोणी ना कोणी वकील तयार झाला, याची त्यांनी खंत नोंदवली. ढळढळीत खोटे दावे वकिलानेच चाळून बाजूला काढावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. हा निकाल आजही शेकडो युक्तिवादांत वाचून दाखवला जातो, पण नियम ११ च्या भागापुरता. वकिलांबद्दलचा भाग वकील मोठ्याने कशाला वाचतील?

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम त्याहून स्पष्ट आहेत. वकिलाने स्वतःला पक्षकाराचे निव्वळ मुखपत्र समजू नये, गैरमार्गाला जाणाऱ्या पक्षकाराला आवरावे, तो ऐकतच नसेल तर त्याचे काम सोडावे, दावेबाजीला चिथावणी देऊ नये. नियमभंगाला १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत शिक्षा आहे. पण ती देणारी समिती वकिलांचीच. तिला कशाचा राग येतो हेही पाहण्यासारखे आहे. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजलेले दाभोलकर प्रकरण मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टातले. दारात उभे राहून आल्या पक्षकाराला ओढणारे, एकमेकांच्या हातातली कामे हिसकावणारे वकील महाराष्ट्राच्या बार कौन्सिलला खपले नाहीत आणि ते योग्यच झाले. तो धटिंगणपणा निदान सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालला होता. कार्यालयाचे दार लावून बेतलेल्या तिसऱ्या दाव्यावर शिस्तभंगाची फाइल क्वचितच उघडते.

यावर वकिलांचे एक म्हणणे मात्र वजनदार आहे. खरेखोटे ठरवणे हे न्यायाधीशाचे काम. वकीलच निवाडा करू लागला तर नावडत्या माणसाला वकील मिळणार नाही. पुन्हा पुन्हा कोर्टात जाणारा प्रत्येकजण लबाड नसतो, हेही खरे. ताई महाराजांच्या दत्तकाच्या प्रकरणात लोकमान्य टिळक १९०१ पासून दिवाणी आणि फौजदारी कोर्टांच्या चकरा मारत होते. दत्तकाचा वाद १९०६ मध्ये पुण्यात जिंकला, १९१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हरला आणि १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा त्यांच्या बाजूने लावला. मधल्या काळात कोणी त्यांना ‘दावेबाज’ ठरवून दार बंद केले असते तर? पण टिळकांच्या बाजूने आधीचा निकाल लपवलेला नव्हता. ते वरच्या कोर्टात गेले, त्याच दर्जाच्या दुसऱ्या कोर्टात नाव बदलून नव्हे. एवढा फरक ओळखायला न्यायाधीश व्हावे लागत नाही.

म्हणून मागणी फार मोठी नाही. वाघोडियाच्या कोर्टात असो की वाशिमच्या, दाव्याच्या पहिल्या पानावर या मिळकतीबद्दल, या कुटुंबात आजवर झालेले सगळे दावे आणि त्यांचे निकाल लिहिणे सक्तीचे करावे, आणि ‘ही माहिती मी पक्षकाराकडून विचारून घेतली आहे’ असे वकिलाने स्वतंत्र सहीनिशी सांगावे. दडवलेला निकाल वकिलाला माहीत होता असे पुढे दिसले तर खर्चाचा काही भाग त्याच्या खिशातून यावा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव टाकले की नोंद झालेली जुनी प्रकरणे दिसतात, तेव्हा ‘मला कल्पना नव्हती’ हे उत्तर आता तितकेसे चालणार नाही. व्यावसायिक नीती हा विषय बार कौन्सिलने कायद्याच्या अभ्यासक्रमात सक्तीचा केला आहे. लिमड्यातले विद्यार्थी त्यात उत्तीर्ण होऊन सनद घेतील आणि पहिला अशील, मागच्या दोन निकालांच्या नकला पिशवीत घालून, ‘साहेब, या वेळी बायकोच्या नावाने टाकू’ म्हणत समोर बसेल, तेव्हा नाही म्हणणाऱ्या नवख्या वकिलाच्या पाठीशी त्याची संघटना उभी राहणार का, हे मे २०२५ मध्ये दिल्लीत जे घडले त्यावरून तरी दिसत नाही.