वाय-फायचा पासवर्ड नक्की कुणाचा?

रेशनकार्ड कुठे आहे, गॅसचं पुस्तक कुठे आहे, लाइट बिलांची फाइल कुठल्या खणात आहे, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. कुणाला नसलं तर आईला हाक मारली की कळतं. वाय-फायचा पासवर्ड मात्र एकाच माणसाच्या डोक्यात असतो आणि तो माणूस बहुतेक वेळा घरात नसतो. शिकायला किंवा नोकरीला पुण्याला, नाहीतर बेंगळुरूला गेलेला असतो. नवा फोन आला, पाहुणे आले, टीव्हीचं कनेक्शन सुटलं, की त्याला फोन लावायचा. तो मीटिंगमध्ये असतो. घाईघाईत सांगतो, "तोच की, नेहमीचा." नेहमीचा म्हणजे कुठला, हे विचारायच्या आत फोन ठेवलेला असतो.

माझं म्हणणं साधं आहे. घरच्या वाय-फायचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवावा आणि तो घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा. दिवसभर घरात जी माणसं असतात त्यांना तर आधी. कॉम्प्युटरच्या तासाला आपण याच्या नेमकं उलट शिकलोय, की पासवर्ड कधीही लिहून ठेवू नये. तो नियम इथे लावण्यात अर्थ नाही असं मला वाटतं. का, ते सांगते.

मी बीएस्सीला कॉम्प्युटर घेतलाय. एवढ्या भांडवलावर आमच्या शहापुरातल्या गल्लीत माझी कीर्ती पसरली आहे. प्रिंटर चालेना, फोनची मेमरी भरली, की हाक येतेच, "अगं, जरा येऊन बघ की." पासवर्ड विसरलाय म्हणून मी आत्तापर्यंत सात-आठ घरांत तरी गेले असेन. त्यातल्या एकाही घरात तो खरोखर हरवलेला नव्हता. माणसांच्या ध्यानात नव्हता, पण त्याच घरात कुठे ना कुठे तो होताच.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड विसरला तर तो परत मिळत नाही, नवाच करावा लागतो. नीट चालवलेल्या सेवेकडे मूळ पासवर्ड साठवलेलाच नसतो. त्याचं गणिताने केलेलं रूपांतर तेवढं असतं आणि त्यावरून उलट मागे जाता येत नाही. वाय-फायचं तसं नाही. राउटरशी जोडला जाताना फोन पासवर्ड हवेतून पाठवत नाही. दोघांनाही तो ठाऊक आहे, एवढंच दोघं एकमेकांना हिशेब करून पटवतात. त्यासाठी तो दोघांकडेही असावा लागतो. म्हणून एकदा टाकला की फोन, लॅपटॉप, टीव्ही तो जपून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी काही न विचारता जोडले जातात.

तेव्हा घाबरून न जाता आधी घरातला अजून जोडलेला एखादा फोन शोधायचा. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचं असेल तर सेटिंगमध्ये आपल्या वाय-फायच्या नावावर जाऊन 'शेअर' दाबायचं. तो बोटाचा ठसा किंवा पिन मागतो आणि क्यूआर कोड दाखवतो. बऱ्याच फोनांत त्याच्याखाली पासवर्ड अक्षरांतही लिहिलेला असतो. नसला तरी नव्या फोनाने कोड स्कॅन केला की काम झालं. आयफोनवर ही सोय २०२२ साली आली, आयओएस १६ बरोबर. नावाशेजारच्या 'आय' या खुणेवर गेलं की पासवर्डची ओळ दिसते. विंडोजच्या लॅपटॉपवर वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीच्या पानावर 'शो कॅरेक्टर्स' म्हणून छोटी चौकट असते, तिच्यावर खूण केली की ठिपके जाऊन अक्षरं येतात. यातलं काहीच नसलं तर राउटर उलटा करून बघावा. खालच्या लेबलवर सुरुवातीचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो, आणि कुणी बदललाच नसेल तर तोच चालतो. एका घरात चार दिवस शोधत होते, तो राउटरच्या पोटाखाली धुळीत होता.

मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रिसेट मारायचा मोह मात्र आवरावा. ते शेवटचं हत्यार. त्याने नाव आणि पासवर्ड तर पुसले जातातच, पण कंपनीने कनेक्शनसाठी राउटरमध्ये भरलेली माहितीही बऱ्याच ठिकाणी त्याबरोबर जाते. मग पासवर्ड मिळतो लेबलवरचा, आणि इंटरनेटच नसतं. कंपनीचा माणूस येईपर्यंत बसा. तो येतो, सगळं नीट करतो आणि जाता जाता घरमालकाचा मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून टाकून जातो. मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. आपल्याला हा आकडा प्रचंड वाटतो. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते काही तासांचं काम आहे. तेवढीही गरज नाही म्हणा. गल्लीत कुणाचा नंबर कुणाला माहीत नसतो?

हे झालं तांत्रिक. माझं मत ज्या घरात पक्कं झालं ते घर आमच्या मागच्या गल्लीत आहे. काकांना जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा परगावी. काकूंचा फोन पडून फुटला, मुलाने नवा पाठवला, आणि त्यात टाकायला पासवर्ड कुणाकडेच नव्हता. मुलाला वाटत होतं त्याला माहीत आहे. त्याने फोनवरून चार सांगितले, चारही लागले नाहीत. मधे कधीतरी काकांनी बदलला असणार. काकूंनी पुढे कुणाला विचारलं नाही. मोबाइलचा दिवसाचा डेटा संपला की व्हिडिओ कॉलवर नातवाचं तोंड तसंच थिजून राहायचं, आणि काकू थोडा वेळ बघत बसून फोन ठेवून द्यायच्या. असे तीन आठवडे. इंटरनेटचं बिल मात्र त्या वेळच्या वेळी भरत होत्या.

आईला हे भिशीत कळलं आणि मला पाठवलं गेलं. काकांचा जुना लॅपटॉप कपाटात होता. अर्धा तास चार्जिंगला लावल्यावर सुरू झाला. ठिपके गेले आणि दिसलं ते बेळगावचं जुनं इंग्रजी स्पेलिंग, पुढे सात आकडे. मी आकडे मोठ्याने वाचायला लागले. तीन वाचले असतील, पुढचे चार काकूंनीच म्हणून टाकले. तो त्यांच्या घरच्या लँडलाइनचा नंबर होता. फोन बंद करूनही बरीच वर्षं झाली होती. "हा होय! हा मला झोपेतून उठवून विचारला तरी येतो की," काकू म्हणाल्या, आणि मग हळूच, "ह्यांनी मला सांगितलं का नाही?"

काका काही लपवून ठेवणारे नव्हते. तसं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. आपल्या घरांत काय चालतं? "आण इकडे फोन, मी टाकून देतो." "तुला कशाला ती कटकट?" हे प्रेमानेच म्हटलेलं असतं. पण अशी प्रत्येक कटकट काढून घेतली की ज्याची काढून घेतली त्याच्या हातात काहीच उरत नाही, आणि काढून घेणारा कायम पुरणार नसतो. मी गेले त्या घरांत पासवर्ड माहीत नसलेली व्यक्ती जवळजवळ नेहमी आई, आजी किंवा सून होती. म्हणजे दिवसभर त्या राउटरच्या चार पावलांवर वावरणारी. फुलझाडाला पाणी घालताना राउटरचा दिवा लाल झाला हे पहिल्यांदा त्यांनाच दिसतं.

काकूंच्या पासवर्डातली आणखी एक गोष्ट आपल्या मराठी मंडळात बोलायला हवी. मुलाने सांगितलेल्या चारांपैकी एक अगदी जवळ पोचला होता. आकडे बरोबर, पण गावाचं स्पेलिंग नवं, 'बेळगावी'चं. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. मुलाच्या कागदपत्रांत ते बदललं, वडिलांच्या हाताला जुनंच वळण होतं. दोघंही घरात बोलताना 'बेळगाव'च म्हणत. फरक फक्त रोमन अक्षरांत पडला.

वाय-फायच्या पासवर्डात देवनागरी चालत नाही. कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरं, तीही इंग्रजी कीबोर्डावरची. मग आपण मराठी शब्द रोमनमध्ये लिहितो, आणि मराठी रोमनमध्ये लिहायचं ठरलेलं वळण आपल्याकडे नाहीच. 'आई' कुणी ए-आय लिहितं, कुणी ए-ए-आय, कुणी त्यात वायसुद्धा घालतं. 'ज्ञानेश्वर' डी-एन-वायने सुरू करायचा की जी-वायने? सीमाभागात तर आणखी मजा. कन्नड वळणाने शिकलेला 'त' टी-एचने लिहितो, मराठी वळणाने शिकलेला नुसत्या टीने. एकाच घरात ताई मराठी शाळेत आणि धाकटा इंग्रजी शाळेत असेल तर 'लता' दोन तऱ्हांची होते. माझी गोव्याची एक मैत्रीण आहे, ती या बाबतीत कधी अडखळत नाही. तिच्या घरी कोंकणी प्रार्थना रोमन लिपीत, 'श'ला एक्स, विषय संपला. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' गोव्यात रायतूरला १६१६ साली छापलं गेलं तेही रोमन अक्षरांतच, आणि ते मराठी आहे. म्हणजे मराठी रोमनमध्ये छापायला लागून चारशे वर्षं उलटली, आणि आपलं 'आई'चं स्पेलिंग अजून ठरायचंय!

म्हणून 'आईचं नाव आणि जन्मसाल' एवढं लक्षात ठेवून भागत नाही. फोनवर ऐकूनही भागत नाही. लहान-मोठं अक्षर चुकलं तरी राउटर ओळख दाखवत नाही. तो डोळ्यांनी बघायलाच हवा, आणि त्यासाठी तो कुठेतरी लिहिलेला हवा.

आता आक्षेप. पहिला सुरक्षिततेचा. ब्रूस श्नायर या विषयातले जाणकार. त्यांनी २००५ सालीच सुचवलं होतं की चांगला पासवर्ड लक्षात राहत नसेल तर चिठ्ठीवर लिहा आणि पैशाच्या पाकिटात ठेवा, कारण कागदाचे मौल्यवान तुकडे सांभाळायची आपल्याला सवय असते. मला तर वाटतं घरच्या वाय-फायला हे दुपटीने लागू पडतं. ज्याच्यापासून पासवर्ड जपायचा तो माणूस भिंतीपलीकडे किंवा रस्त्यावर फोन घेऊन उभा असतो, त्याला आपल्या कपाटातला कागद दिसत नाही. आणि जो कपाटापर्यंत पोचला, तो मंगळसूत्र तसंच ठेवून वाय-फायचा पासवर्ड उतरवून नेणार आहे का? उलट कागद असला की पासवर्ड अवघड ठेवता येतो. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द, वाटेल त्या स्पेलिंगने. लक्षात ठेवायचं ओझंच नाही.

दुसरा आक्षेप मैत्रिणींनी घेतला: सगळ्यांना माहीत झाला की गल्लीभर होणार. ही भीती खरी आहे. आपल्या कनेक्शनवरून कुणी भलतं काही केलं तर चौकशी आपल्या दारात येते. म्हणून कागद कपाटाच्या आत, हॉलच्या भिंतीवर नको. पाहुण्यांसाठी बऱ्याच राउटरांत वेगळं गेस्ट नेटवर्क करता येतं, ते करावं. पण गल्लीच्या भीतीने आजीला अंधारात ठेवणं मला पटत नाही. तिसरं कारण काही घरांत ऐकलं, की मुलं दिवसभर फोन बघतील म्हणून पासवर्ड लपवतो. मुलं काय, आईचा फोन उचलून क्यूआर कोड दोन मिनिटांत काढतात. लपवल्यामुळे अडतं ते आईचंच.

आमच्या घरी आता एक कागद आहे. वर वाय-फायचं नाव, खाली पासवर्ड मोठ्या अक्षरांत. कॅपिटल अक्षरांखाली रेघ, शून्याच्या पोटात तिरपी काट, म्हणजे तो 'ओ' वाटू नये. खाली ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन नंबर आणि बदलल्याची तारीख. अक्षर आईचं आहे, तिनेच फोनात बघून उतरवलंय. काकूंनीही असाच एक केला, आणि पासवर्ड तोच ठेवला. बदला म्हणून मी सुचवलं, नको म्हणाल्या. आमचा कागद कुठे ठेवायचा यावर मात्र अजून एकमत नाही. आई म्हणते रेशनकार्डाच्या पिशवीत, बाबा म्हणतात लाइट बिलांच्या फाइलीत. तूर्त तो पिशवीत आहे.