दोघांसाठी घर केवढे?

‘पूर्वी एका खोलीत संसार होत असत,’ असे वडीलधारी माणसे सांगतात. ते खरेच आहे. मुंबईत १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची असे, शौचालये सामाईक. तेथे पिढ्या वाढल्या. पण पती-पत्नींना दोन शब्द निवांत बोलण्यासही जागा नसे. त्याच चाळींच्या पुनर्विकासात पात्र कुटुंबांना ५०० चौरस फुटांचे घर दिले जात आहे. निभावणे आणि सुखाने राहणे यांतील अंतर ते हेच.

तथापि, जागेबरोबर सुख वाढतेच असे नाही. कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी दोघेही रात्रीपर्यंत बाहेर राहिली, तर प्रशस्त दालने कोणासाठी? दार लावता येईल अशी एक खोली, वेगळे स्वयंपाकघर, घरातच न्हाणीघर व शौचालय आणि पाहुणा किंवा पाळणा सामावेल अशी बैठक, एवढे दोघांना पुरेसे आहे. २०१६च्या स्थावर संपदा कायद्यानुसार बांधकाम व्यावसायिकाने सदनिकेचे चटई क्षेत्र, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतील वापराची जागा, सांगणे बंधनकारक आहे. घर निवडताना तेच पाहावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. परंतु पाय आखडून घ्यावे लागतील इतके ते तोकडेही नसावे.